पहिला पाय मढवीकाकांचा

पंचवीस डिसेंबरला सकाळी आमच्या दाराची बेल वाजली की बाहेर कोण असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. दार उघडावं तर समोर मढवीकाका. उजव्या हातात इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळशाचा खडा, डाव्या हातात कागदाची पुडी, पुडीत चिमूटभर खडेमीठ आणि दोन नानकटाया. कमरेला स्कॉटिश पुरुष नेसतात तसा लाल-हिरव्या चौकड्यांचा घागरा. कापड कॉन्व्हेंट शाळेच्या गणवेशाचं, शिवण शेजारच्या शिरवणे गावातल्या शिंप्याची. खाली गुडघ्यापर्यंत मोजे, त्याखाली चामडी चपला. आणि हा सगळा थाट उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून अत्यंत अदबीने विचारायचा, "म्याडम, पाय टाकू?"

"टाका, काका."

मग उजवा पाय आत. काका थेट स्वयंपाकघरात जायचे, ओट्यावर कोळसा आणि मीठ ठेवायचे, नानकटाई माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तुमची चिमनी धूर सोडत ऱ्हावो." हा स्कॉटलंडचा आशीर्वाद. तिकडे घराला धुराडं असतं, आमच्याकडे गॅसवरची विजेची चिमणी. आशीर्वाद फुकट जाऊ नये म्हणून काका स्वतः तिचं बटण दाबायचे, मिनिटभर ती घरघरू द्यायचे आणि समाधानाने बंद करायचे. तिकडे अशा पाहुण्याला व्हिस्की देतात म्हणे. तेवढा भाग मढवीकाकींनी घरातच रद्द केला होता, त्यामुळे काका प्रत्येक घरी चहा घ्यायचे आणि दुपारी ॲसिडिटीने झोपून राहायचे.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत एकही ख्रिस्ती कुटुंब नाही. हे मुद्दाम सांगते, कारण त्यामुळेच आमचा ख्रिसमस फार जोरात असतो. चुकलं म्हणून सांगणारं कुणी नसतं. लॉबीत प्लास्टिकचं झाड, झाडावर कापूस, भर उकाड्यात सांताक्लॉज झालेला आणि दाढीखाली खाजवणारा वॉचमन, आणि डीजेवर गणपतीत वाजलेलीच गाणी. अध्यक्ष सबनीस दरवर्षी माइक घेऊन "सर्व धर्म समान" असं बोलायचे आणि लगेच केक कापायला आपल्या नातवाला पुढे करायचे.

मढवीकाका, म्हणजे बालाराम मढवी, या सोसायटीत राहायला आले ते तुर्भ्याच्या कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर. मूळचे ते शिरवण्याचे. त्यांच्या आधीच्या पिढ्या मिठागरांत राबलेल्या. मिठागरं गेली, शेतं गेली, त्यांवर आम्ही सगळे आलो. गावात त्यांच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे, खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, आणि ती आमच्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. "मग इथे फ्लॅट कशाला घेतलात?" असं मी एकदा विचारलं. "गावान डास लय," काका म्हणाले. डास आमच्याकडेही तेवढेच होते, पण मी पुढे काही विचारलं नाही.

त्यांची मुलगी मनीषा स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं. एका हिवाळ्यात काका-काकी तिच्याकडे जाऊन राहिले आणि परत आले ते वेगळेच होऊन. काकी फक्त थंडीबद्दल बोलायच्या. काका ख्रिसमसशिवाय दुसरं बोलायचे नाहीत. जावयाची आई मार्गारेट. काकांच्या तोंडी ती मागरेटबाय झाली, आणि शेवटपर्यंत तिच्यापेक्षा मोठा अधिकारी त्यांनी मानला नाही.

त्या वर्षीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका उभे राहिले. "ह्यो ख्रिसमस नाय, ह्यो बड्डे हाय," ते म्हणाले. "स्कॉटलंडला आसा नसतं. सकालच्याला घरान पयला पाय कोनाचा पडतंय, त्याव सगला वरीस. तो मानूस उंच पायजे, काल्या केसांचा पायजे, हातान कोलसा नं मीठ पायजे."

सबनीसांनी तेवढ्यात मोबाइलमध्ये पाहून घेतलं होतं. "मढवी, इंटरनेटवर तर हे न्यू इयरला करतात असं लिहिलंय."

"इंटरनेट काय स्कॉटलंडला ऱ्हातं? माजी विहीन ऱ्हाते. तिच्या घरान ख्रिसमसला करतान."

"ओके, टेन्शन नको. पण काळे केस तर इथे सगळ्यांचेच आहेत."

यावर सगळी सभा सबनीसांच्या डोक्याकडे पाहू लागली. सबनीस गोरेपान, आणि केसांना वर्षानुवर्षं मेंदी लावणारे. ट्यूबलाइटखाली ते डोकं गाजराच्या हलव्यासारखं दिसत होतं. काका शांतपणे म्हणाले, "तांबड्या केसांचा मानूस पयला आला तं लय वाईट. मागरेटबाय दार पन उघडत नाय." आपल्याकडेही अपशकुनी माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणतातच. सबनीस एकाच संध्याकाळी दोन्ही देशांत अपशकुनी ठरले.

केसांचा प्रश्न मात्र खरा होता. सगळ्यांचेच काळे, तर निवड कशी करायची? अखेर काकांनीच निकाल दिला. केसांवर ठरत नसेल तर कातडीवर ठरवायचं. आणि सोसायटीत कातडीच्या काळेपणात काकांच्या जवळपासही कुणी नव्हतं. बायकांचा पाय पहिला पडलेला चालत नाही हा नियम ऐकून मी भांडायला उठले, तर काका ओशाळले. "म्याडम, मला बी नाय पटला. आपल्याकडं नवरी माप ओलांडून येते तवा घर भरतं. त्ये मागरेटबायला सांगनार व्हतू, पन इंग्लिशमदे माप कसा दाखवायचा?"

त्यानंतर आमच्या सोसायटीत जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सबनीसबाई मुलासाठी दोन वर्षं गोरी मुलगी शोधत होत्या. सावळ्या मुलींचे फोटो त्या मोबाइलवर अंगठ्याने असे उडवायच्या की माशी उडवतायत असं वाटावं. त्याच आता चोवीस तारखेला काकींना फोन करून विचारू लागल्या, "उद्या काका आमच्याकडे आधी येतील ना?" वर्षभर ज्यांना लिफ्टमध्ये कुणी धड नमस्कार करत नसे, त्या मढवीकाकांची घराघरांत दार किलकिलं करून वाट पाहिली जायची. दूधवाला आधी येऊ नये म्हणून दूध खाली ठेवायला सांगितलेलं असायचं. दूधवाला उत्तरेकडचा, गोरा.

एकदा मी थट्टेत म्हटलं, "काका, तुमचा भाव फार वाढलाय." ते हसले नाहीत. हातातला कोळसा न्याहाळत म्हणाले, "शालेत मला कोलसा बोलायची पोरं. मास्तर बी बोलायचं. लग्नाला तीन ठिकानी पोरीनं नाय सांगितला. तिकडं मागरेटबायनी माज्या हातान कोलसा दिला, नं गल्लीतल्या सगल्या लोकांनी दारं उघाडली. या, या बोलली. हात धरून आत नेला." मी चहा टाकला. आम्ही त्यांच्या ख्रिसमसला हसत होतो, आणि त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कुठेतरी कुणी रंगासाठी आत बोलावलं होतं.

काकांनी आणखी एक प्रथा आणली होती. ज्यांचं भांडण आहे त्यांनी ख्रिसमसला मिळून एका ठरावीक झाडाची काडी जाळायची, म्हणजे वैर संपलं. ते झाड इथे मिळत नाही, म्हणून काकांनी आंब्याची काडी घेतली. पार्किंगवरून भांडणारे, बाथरूमच्या गळतीवरून भांडणारे, सगळे लॉबीत काड्या जाळताना फोटो काढून घ्यायचे. सव्वीस तारखेला गळती चालू असायचीच. पण आदला दिवस बरा जायचा.

त्या राखेभोवती उभी असताना एकदा मी सहज विचारलं, "काका, तुमची कुणाबरोबर काडी?" काका झाडू आणायला गेले आणि परत आलेच नाहीत. उत्तर दुसऱ्या दिवशी काकींनी दिलं. गावातलं जुनं घर पाडून इमारत बांधली तेव्हा थोरल्या भावाने, दामोदरने, जिना काकांच्या हिश्शातून काढला. त्यावरून जुंपली. काका सगळ्या आळीसमोर ओरडले, "मेलू तरी तुज्या उंबऱ्याव पाय ठेवनार नाय." आणि पिशवी घेऊन निघाले. "ह्ये सगल्यांच्या घरान पाय टाकत फिरतान," काकी म्हणाल्या. "दामूभावजी तिकडं खाटंव बसून दाराकडं बगत ऱ्हातान. आता तेंना दम लागतं. ह्ये जातील तवर तेंचा जीव राहील का?"

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे मनीषा ड्युटीवर असली की मागरेटबायच्या व्हिडिओ कॉलला दुभाषी म्हणून मला बोलावणं यायचं. त्या डिसेंबरात बाई पडद्यावर आल्या. पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. हवापाणी झालं, मग त्यांनी विचारलं, "तुमचे भाऊ बरे आहेत ना?" एवढंच. काका माझ्याकडे पाहत होते. काकी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

मी म्हटलं, "बाई विचारतायत, भावाकडे जाता की नाही? त्या म्हणतायत, सख्ख्या भावाच्या दारी आधी गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरी नेलेला कोळसा लागू पडत नाही. असा नियमच आहे."

काकांचा चेहरा उतरला. इंटरनेटला न जुमानणारा माणूस, पण हे खुद्द मागरेटबायनी सांगितलं होतं. पडद्यावरच्या बाई प्रेमाने हसत होत्या, आपण काय फर्मान काढलंय याची त्यांना कल्पना नव्हती. मग त्यांनी मान हलवून बाईंना "येस, येस" केलं.

पंचवीस तारखेला सकाळी सोसायटीतली दारं किलकिली होऊन वाट पाहत राहिली, आणि आम्ही तिघं रिक्षाने शिरवण्याला गेलो. काकांनी घागरा नेसला होता. गल्लीतले भाडेकरू ब्रश तोंडात धरून बघत होते. दामोदरदादांचं दार उघडंच होतं. दादा काकांपेक्षा उंच, रंगाने काकांहून गडद, आणि बसल्या जागी धापा टाकणारे. काका उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांनी घागरा सारखा केला.

शेवटी कसंबसं म्हणाले, "दादा, पाय टाकू?"

दादांनी घागऱ्यापासून कोळशापर्यंत सगळं नीट पाहिलं. "नको," ते म्हणाले. काकींनी माझा दंड घट्ट धरला. दादा भिंतीला धरून उठले, एकेक पाऊल टाकत आले आणि उंबरा ओलांडून बाहेर उभे राहिले. "तू सगल्यांसमोर बोललंस. तुजा सबूद कनाला मोडतंस? मी कवा बोललू का भायेर येनार नाय म्हनून?"

मग दोघं भाऊ त्या जिन्याच्या पायरीवर बसले, ज्याच्यावरून सगळं झालं होतं. नानकटाई दोघांनी मोडून खाल्ली. दादा मिठाचा खडा जिभेवर ठेवून म्हणाले, "ह्या मीठ दुकानाचा हाय. आपल्या मिठागराचा आसा नव्हता." काका म्हणाले, "नव्हताच." एवढंच बोलणं झालं. पण काका रडत होते, आणि काकींनी तर हुंदके लपवायचा प्रयत्नही केला नाही.

परतताना रिक्षात काका मला म्हणाले, "म्याडम, मागरेटबाय चार सबूद बोलली. तुमी पन्नास सांगितलं. मला इंग्लिश येत नाय, पन मोजता येतं." आणि बाहेर बघत हसले.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच. दम लागायचा दादांना आणि गेले काका, त्यामुळे दादांकडे बघवेना. सोसायटीने शोकसभा घेतली. सबनीस माइकवर गहिवरून बोलले आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता ख्रिसमसचं काय करायचं? यंदा मी केस काळे करतोय, लोकांना चालेल का बघा." त्यांनी खरंच केले. लोक तरीही त्यांच्या कातडीकडे बघून विचारात पडले.

पंचवीस डिसेंबरला सकाळी आमची बेल वाजली. मी दार उघडलं तर दामोदरदादा. धोतर नेसलेले, दोन जिने चढून आल्यामुळे धापा टाकणारे. लिफ्टची त्यांना भीती वाटत होती. हातात कोळसा होता आणि मिठाची पुडी होती. नानकटाई नव्हती, ती आणायची राहिली असावी, किंवा एकट्याने मोडून खायची नसावी.

"बालाराम येयाचा ना तुमच्याकडं," ते म्हणाले. "त्याचा पाय माज्या घरान नाय पडला. मीच भायेर आलू, त्याला आत नाय बोलावला. आता तुमच्या सगल्यांच्या घरान त्याच्या वाटनीचा मी टाकतू." थोडा दम खाऊन त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. "मी बी कालाच हाय. चालंल ना?"

मी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं. स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावर कोळसा ठेवायला जागा करून दिली आणि चिमणीचं बटण मीच दाबलं.