ब्रशातला झेंडू

दसऱ्याला आईने माझ्या पहिल्या पगारातून घेतलेल्या व्हॅक्यूम क्लीनरला झेंडूचा हार घातला आणि तो न काढताच मशीन सुरू केलं. ब्रश अडकला. लेकाची वस्तू मोडली म्हणून ती दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही मशीन नदीपलीकडच्या अष्टमी गावात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ब्रशाचा रोलर काढला, डोळे मिटून कानाशी फिरवला आणि त्यावर गुंडाळलेला हाराचा दोरा हळूहळू सोडवला.

"आतला पट्टा शाबूत हाय, मावशी, मशीन मोडलं नाय. पूजा चुकली नाय. माझ्या पकडीला पण हार हाय, बघ. फक्त ती गरगरत नाय!"

आई खुदकन हसली.

मिस्त्रीने दोरा कागदात बांधून दिला. परतताना पुलावरून आईने तो कुंडलिका नदीत सोडला. पाण्यावर तो सावकाश उलगडत गेला. मिस्त्रीचं नाव विचारायचं राहिलंच. त्या दिवशी आई पोटभर जेवली.