रिपोर्ट नॉर्मल

पस्तीस वर्षं लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून रक्त काढणाऱ्या त्या माणसाला सगळे 'रक्तवाले'च म्हणत. हात असा हलका, की भोकाड पसरायला तोंड उघडलेलं पोर रडायचंच विसरे. पण आकड्यात दिसत नाही ते त्यांच्या लेखी नुसती थाप.

आणि नेमकं त्यांच्याच बायकोनं अंथरूण धरलं. ना ताप, ना खोकला. दिवसभर भिंतीकडे तोंड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या रसायनांचं गणित बिघडलंय." गोळ्या दिल्या. महिन्याभरात बाई जरा उठून बसायला लागली.

रसायन म्हटल्यावर रक्तवाले खूश! मामला आपल्याच हद्दीतला. त्यांनी बायकोचं रक्त काढलं, लॅबमधल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चाचण्या केल्या, आणि कागद तिच्यापुढे नाचवला. "बघ, सगळं नॉर्मल! तुला काहीसुद्धा झालेलं नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"म्हणजे मी ढोंग करतेय," ती म्हणाली. त्या दिवसापासून गोळ्या बंद. आजारच नाही, तर औषध कशाला? तीन आठवड्यांत ती पुन्हा भिंतीकडे वळली, आणि आता घासही घशाखाली उतरेना.

रक्तवाले तणतणत दवाखान्यात गेले. "रसायन बिघडलंय ना? मग आकडा दाखवा!"

"तसा आकडा नाही," डॉक्टरीणबाईंनी सरळ कबूल केलं. "समजायला सोपं म्हणून आम्ही तसं सांगतो. पुरावा तोकडाच आहे."

"पण गोळीनं गुण आला होता की!"

"गोळीनं डोकं दुखायचं थांबलं, तर रक्तात ती गोळी कमी होती असं म्हणाल?"

"छे!"

"आणि डोकेदुखी तुमच्या कुठल्या चाचणीत दिसते हो?"

रक्तवाल्यांनी रिपोर्टचा कागद घडी करून खिशात घातला.

"दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही. गोळ्या परत सुरू करा. ऐकतील त्या तुमचं."

घरी येऊन ते पलंगाच्या कडेला टेकले. "चुकलो गं. माझ्या यंत्राला सापडलं नाही, एवढंच खरं."

ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "अहो, रक्त काढलंत. पण काय होतंय, ते एकदाही विचारलं नाहीत."

"सांग ना. काय होतं?"

"तुम्ही हाक मारता. ऐकू येते. पण 'ओ' द्यायलाही अंगात बळ नसतं. मग तुम्ही चिडून निघून जाता."

रक्तवाले ढसाढसा रडले.

तिनं हळूच कूस बदलली. "पुरे आता. पाणी आणा, गोळी घेते."