चिमणीची आग विझली तेव्हा

आज जिथे कंपनीची चिमणी आहे, तिथे पूर्वी गावाचं गुरचरण होतं. गुरं गेली, कुंपण आलं, आणि जास्तीचा गॅस जाळणारी आग चिमणीच्या टोकावर चोवीस तास पेटू लागली. आम्ही मिठागरातली माणसं, वारा बघून दिवस ठरवायची सवय हाडात मुरलेली. त्यामुळे आम्ही त्या आगीवरूनच वारा ओळखू लागलो. ती खाडीकडे झुकली की खिडक्या उघडायच्या, गावाकडे झुकली की दारांच्या फटींत ओले पंचे कोंबायचे. हवा मोजणारी गाडी एकदाच आली, तीही वारा खाडीकडे असताना. हवा चांगली असल्याचा कागद देऊन गेली. तो काय चाटायचा होता?

माझी लेक सात वर्षांची, दम्याची. तिचा पंप कायम माझ्या खिशात असायचा. गेल्या हिवाळ्यात महिनाभर वारा गावाकडेच होता आणि पोर घरात कोंडलेली. एका सकाळी बघतो तर आग विझलेली! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी ओरडतच घरात शिरलो.

"इजली? खरंच?" बायको म्हणाली. "मंग पोरीला भायेर काढा जरा."

मी तिला कडेवर घेऊन मिठागराच्या बांधावर गेलो. म्हटलं, "घे गं बाय, पोटभर हवा घे." बाप सांगतोय म्हणून तिनं हात पसरून, तोंड उघडून घेतली.

आग विझली म्हणजे गॅस थांबला, असं मी मूर्खानं धरलं होतं. तो न जळताच बाहेर पडत होता. हे मला नंतर चुलत भावानं सांगितलं, तो तिथेच कंत्राटावर आहे. तेव्हा एवढंच कळलं की नाकात सडका वास शिरलाय आणि पोरीचे ओठ निळे पडलेत. पंप दिला, पुन्हा दिला. पनवेलपर्यंत रिक्षात मी तिच्या छातीवर हात ठेवून नुसता रडत होतो.

ती वाचली. "हिला परत तिथं नेऊ नका," डॉक्टरांनी बजावलं. म्हणून चौलला मामाकडे ठेवली. आम्ही कुठे जाणार? त्या चिमणीखालचं घर विकत कोण घेईल? सुरुवातीला ती रोज फोनवर रडायची, घरी ने म्हणायची.

परवा तिला भेटायला गेलो. वाडीत पोरांबरोबर धावत होती, दम न लागता. मला बघितलं आणि मामीच्या मागे लपली. मी हात पुढे केला, तर मामीचा पदर घट्ट धरून म्हणाली, "बाबा, मला नको ना नेऊ."

मी न्यायला आलोच नव्हतो. पण माझी लेक मला घाबरत होती.