विचारायला जाणारे नाना

माझे वडील गेले त्या सकाळी रहिमतपुरातल्या आमच्या घरात एक अनोळखी माणूस शिरला आणि त्याने आधी छताचा पंखा बंद केला. वडिलांच्या डोक्याखाली उशी सरकवली, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"मास्तर, मी गावातल्या सेवा क्लबातनं आलोय. वाऱ्यानं डोळं सुकत्यात, म्हणून पयलं हे केलं. आता इचारतो. ह्यांचं डोळं द्याल का? न्हाई म्हणालात तरी मी हितनं हलणार न्हाई. तिरडीचं सामान आनायचं आसंल की."

मी हो म्हणालो. शाळेच्या हजेरीपटावर करावी तशी फॉर्मवर सही केली. मला काहीच वाटत नव्हतं. तेरावं झालं तरी वाटेना. महिन्याभराने मी क्लबाच्या गुरुवारच्या बैठकीला जाऊन बसलो, ते समाजसेवेच्या ओढीने नव्हे; घरी बसवत नव्हतं म्हणून.

त्या सकाळी आलेला तो माणूस म्हणजे नाना; मूळचे माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. एसटीत चालक होते. क्लब काढला तो दोन डॉक्टर, एक धान्याचे व्यापारी आणि एका मुख्याध्यापकांनी. सुरुवातीला नुसती मोतीबिंदूची शिबिरं व्हायची. वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं ऑपरेशनसाठी सांगलीला न्यायला जीप होती, पण चालवायला कुणी नव्हतं. रजेच्या दिवशी नाना ती चालवू लागले आणि असे सभासद झाले.

एकदा सांगलीहून एक आजी ऑपरेशन न होताच परत आल्या. बुबुळ खराब होतं. दुसऱ्या कुणाचं तरी मेल्यावर मिळालं तरच दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. अर्ध्या वाटेत आजींनी नानांना विचारलं, "मंग ड्रायव्हर, कोन कवा मरायचं?"

"त्या बाईला मला उत्तर देता आलं न्हाई," नाना सांगायचे. "तवापास्नं मी मयताच्या घरी जातोय."

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. कुणी पाय धुवायला पाणी देई, कुणी अंगावर धावून येई. एका घरात तर त्यांना गिधाड म्हणाले. नानांनी हात जोडले आणि त्याच घरासाठी लाकडाच्या वखारीत गेले. परतताना मी म्हणालो, "कशाला ऐकून घेता?" ते म्हणाले, "मास्तर, दुःखात मानसाचं हातपाय गळत्यात. तवा दुसऱ्याचं हातपाय लागत्यात. ते ऐन वेळी कुटनं आनायचं? म्हणून चार जनांनी आदीच एक हून ऱ्हायचं. क्लब म्हंजी तेवढंच. फोटो-बिटो नंतरचं."

मग काकू गेल्या, नानांच्या पत्नी. सकाळी चहा गाळताना कोसळल्या. विचारायला कुणी जायचं यावर क्लबात कुजबुज झाली; सगळ्यांना ती औपचारिकता वाटत होती. मी गेलो. नाना भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिला लय भ्या वाटायचं. नको म्हनली हुती. तिच्या जित्तेपनी तिचं कवा ऐकलं न्हाई मी. आता तरी ऐकू द्या."

मी वखारीत गेलो.

गाव लहान. गोष्ट पसरली. क्लबातल्या एका-दोघांनी नानांनी आता घरी बसावं असं सुचवलं. दोन आठवड्यांनी कोरेगावच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून निरोप आला, तेव्हा नाना नेहमीसारखे निघाले. तिथे मयत बाईंचा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "सोताच्या बायकूचं दिलं न्हाई आन आमच्या आईचं मागाय आलाय व्हय रं?"

नानांनी हात जोडले.

"व्हय, न्हाई दिलं. तिला नको हुतं. तुमच्या आईला काय पायजे हुतं, तेवढं सांगा गड्या. आमी तसं करतो."

मुलगा उंबऱ्यावर बसला. आतून त्याची बहीण आली आणि म्हणाली, "आवं दादा, आई डोळं द्या म्हनायची." साताऱ्याहून नेत्रपेढीची गाडी येईपर्यंत नाना त्या मुलाजवळ बसून राहिले.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी नाना झोपेतच गेले. त्यांच्या मुलीला, सुनंदाला, मी विचारलं. तिने होकाराची मान हलवली. नेत्रपेढीच्या माणसांचं काम अर्ध्या तासात आटोपलं. मी लाकडं सांगितली, सामान आणलं, नातेवाइकांना फोन केले. घरी येऊन जेवलो. सुनंदाला रडताना पाहिलं, क्लबातल्या डॉक्टरांना रडताना पाहिलं. मला काही झालं नाही. वडिलांच्या वेळेसारखंच.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. गावातच एक गृहस्थ वारले होते, विचारायला जाल का? मी शर्ट घातला आणि गेलो.

घर भरलं होतं. मयताची पत्नी, सत्तरीच्या पुढची, उशाशी बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो. "मी सेवा क्लबातून आलोय," इतकं म्हणालो आणि पुढचं वाक्य येईना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडलो. मग मला आवरेना. मयताच्या घरी, ओळख ना पाळख, मी हमसून हमसून रडत होतो आणि लोक बघत होते.

ती बाई उठली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली, माझ्या हातात दिलं आणि पाठीवर हात ठेवला.

"पी बाबा," ती म्हणाली. "तुजं कोन गेलं?"