जावयाची खुकरी दोन बोटं कमी

माझा कोयता हातातून उडाला आणि जावेच्या भोपळ्यात जाऊन रुतला, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. भोपळा कुंपणावर वेलाला लटकून आपल्या मनानं वाढत होता बिचारा. मी शेळ्यांसाठी सुबाभळीची फांदी तोडत होते. मनगटानं मधेच दगा दिला, कोयता गरकन फिरला आणि खच्चकन भोपळ्यात. जाऊ माझ्याच वयाची. ती ओसरीवरून ओरडली, "आज भोपळा मारलास, उद्या मला मारशील व्हय गं?"

मी म्हणाले, "तुला मारायला कोयता कशाला? चहात साखर टाकली न्हाई तरी तू मरतीस."

त्या भोपळ्याची भाजी आम्ही दोघींनी मिळून खाल्ली. पण माझ्या मुलाला काही ती गोड लागली नाही. तो म्हणाला, "आई, बास आता. तुझं मनगट गेलंय. खंडेनवमीला कोयता पूजेत मांडायचा अन् परत उचलायचा न्हाई. शेळ्या पाटोद्याच्या बाजारात नेतो."

शेळ्या चारच. पण मालक गेल्यापासून माझा दिवस त्यांच्यामागंच जातो. शेळ्या गेल्या तर मी दिवसभर शिव्या कुणाला द्यायच्या? सुनेला दिल्या तर भांडण होतं. शेळीला दिल्या तर ती नुसते कान हलवते आणि चघळत राहते. असं ऐकून घेणारं माणूस या वयात मिळत नाही. मुलगा पाला आणून टाकीन म्हणायचा. आणायचाही, पण शेळीनं वास घेऊन तोंड फिरवावं असला.

तर खंडेनवमीपर्यंत माझ्या हाताला झेपेल असं पातं मिळवायचं, नाहीतर शेळ्या गेल्या. एवढंच माझ्यापुढं होतं.

गौरीच्या सणाला जावई आले. जावई फौजेत, लांब सुट्टीवर आले होते. येताना त्यांनी एक खुकरी आणली. कातड्याचं म्यान, मुठीच्या टोकाला पितळी वाघाचं तोंड. त्यांनी ती मला द्यायला हात पुढं केला तशी मी मागं सरले.

"हातात नका देऊ जावईबापू. पात्याची वस्तू हातातून हातात दिली की भांडण लागतं. खाली ठेवा, मी उचलते."

"उचलायची न्हाई मामी, भितीला लावायची. शोभंची हाय ही."

लावली त्यांनी स्वतःच, खिळा ठोकून. मी खालून बघत होते. पुढं वाकलेलं पातं, वाकल्या जागी जाड पोट. शोभेची कशाची, ही तर आमच्या कोयत्याची मावसबहीण!

जावई त्यांच्या गावाला गेले आणि मी स्टुलावर चढले.

वीस-बावीस हंगाम मी ऊस तोडलाय. कोयता कसा पारखायचा ते टोळीतल्या एका म्हातारीनं मला शिकवलं होतं. लांबी बघायची ती कोपरापासून मनगटापर्यंत. तेवढंच पातं आपलं, जास्त झालं तर उकिडवं बसल्यावर टोक जमिनीला टेकतं. आणि वजन? त्याला काटा लागत नाही. कोयता हात सरळ करून पुढं धरायचा आणि एक भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. हात आधी खाली आला तर कोयता जड. जीभ आधी थकली तर कोयता आपला.

मी खुकरी पुढं धरली आणि शेळ्यांना भोपळ्याची गोष्ट सांगायला लागले. कोयता अजून भोपळ्यात पोचला नव्हता तोवर माझा हात खाली. लांबी मोजली तर दोन बोटं जास्त.

मग बाजाराच्या दिवशी खुकरी लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि पाटोद्याला लोहाराकडं गेले.

"मावशे, ही कुणाची?"

"माजीच."

"खरं सांग."

"जावयाची. म्हंजी माजीच की."

"अन् जावयाला काय सांगशील?"

"पावसानं आटली म्हनून सांगन. तू म्होरून दोन बोटं काप."

लोहार म्हणाला, म्होरून कापाय नको, म्होरचं वजनच तोडतंय. पण मी काय ऐकते! त्याला म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी पातं धरते." त्यानं ग्राइंडरवर टोक कापलं, मधे मधे पाण्यात बुडवून, तापून धार मऊ पडू नये म्हणून. हातात घेतली तर काय हलकी! मी खूश होऊन घरी आले आणि सुबाभळीच्या फांदीवर घाव घातला. खुकरी टण्णकन उडून माघारी आली. दुसरा घाव, तेच. फांदीवर नखाएवढा ओरखडा. गाभण शेळी माझ्याकडं असं बघत होती, की मीच मान खाली घातली.

चूक माझी होती. ऊस असतो रसानं भरलेला, बुडाशी नुसती चापट मारली तरी आडवा होतो. तिथं हलकं पातं चालतं. सुबाभूळ म्हणजे लाकूड, त्याला घाव लागतो. उसाचं शहाणपण घेऊन मी लाकूड तोडायला निघाले होते.

पुढच्या बाजारी परत गेले. लोहारानं खुकरी एका बोटावर आडवी तोलली. ती मुठीकडंच झुकत होती.

"बघ मावशे. डोकं कापलंस अन् शेपूट ठेवलंस. हा वाघच समदं वजन मागं वढतोय."

"मग वाघ काढ."

"जावई?"

"पाऊस लई झाला म्हनून सांगन."

वाघ निघाला. आता बोटावर ठेवली तर पुढं, पोटाकडं कलायला लागली. घरी येऊन घाव घातला आणि फांदी पहिल्याच दणक्यात लोंबली. त्या दिवसापासून मी मुलगा रानात गेला की खुकरी काढायची, पाला तोडायचा, पुसून परत म्यानात घालायची. पातं आखूड झाल्यामुळं म्यानात ते खडखडायचं, म्हणून तळाशी चिंधी कोंबली. आणि वर वाघाचं तोंड बाभळीच्या डिंकानं चिकटवलं. लांबून बघितलं तर जशीच्या तशी. जवळून बघायला येतंय कोण?

खंडेनवमीला जावई आले. दसऱ्यानंतर त्यांना नोकरीवर जायचं होतं. अंगणात पाट मांडला होता. विळा, कुऱ्हाड, पेरणीची पाभर, मुलाची मोटारसायकल झेंडूचा हार घालून. मी सगळ्यांत आधी माझा कोयता पाटावर ठेवला आणि असे मनोभावे हात जोडले की मुलाला संशय आला. गप्प ऐकणारी आई त्यानं कधी बघितली नव्हती.

जावई म्हणाले, "मामी, खुकरी बी मांडू की."

"राहू द्या. भितीवरच कुंकू लावते."

"भितीवर कुटं शस्त्रपूजा असती व्हय?"

त्यांनी खुकरी काढून आणली. चारचौघात ऐटीत मूठ धरून वर ओढली आणि पितळी वाघ टप्पदिशी खाली पडून घरंगळत माझ्या पायाशी आला.

जाऊ ओरडली, "अगं बया, वाघानं मुंडी टाकली!"

जावयांनी पुन्हा ओढलं. पातं निघालं, आखूड, आणि त्याच्यामागं म्यानातून चिंधी.

"मामी... ही कमी कावून झाली?"

पावसाचं उत्तर तयार होतं, पण आभाळ कोरडं ठाक आणि मुलगा माझ्याकडंच बघत. मी म्हणाले, "खाली ठेवा."

त्यांनी ठेवली. मी उचलली, हात सरळ पुढं केला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. भोपळा सांगितला.

जाऊ मधेच म्हणाली, "चांगला मोठा भोपळा व्हता, बारका सांगू नगंस."

मोठा सांगितला. स्टूल सांगितलं, लोहार सांगितला, चुकीची दोन बोटं, वाघ, डिंक, चिंधी, काही ठेवलं नाही. सून तोंडाला पदर लावून हसत होती. मुलगा मात्र हसत नव्हता. तो माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता, नुसता मनगटाकडं बघत होता. सगळं सांगून झालं, घसा कोरडा पडला, आणि मी म्हणाले, "पानी द्या गं कुनीतरी."

हात अजून सरळच होता.

मी खुकरी खाली ठेवली. जावयांनी उचलून बोटावर तोलली, दोनदा. मग ती पाटावर मांडली नाही की खिळ्याला लावली नाही. माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

"उचला मामी. आता ही भितीची न्हाई."

मी उचलली, आणि माझ्या हातानं पाटावर कोयत्याशेजारी मांडली. कुंकू लावलं. मुलगा पाटाशी येऊन म्हणाला,

"कोयता मातर परत उचलायचा न्हाई."

"न्हाई उचलत. अन् शेळ्या?"

त्यानं कोयता पाटावर आणखी आत सरकवला. मग म्हणाला, "उद्या ती वरची फांदी काढ. सकाळधरनं वरडायल्यात."

उद्या काढीन, पण आजचं काय? पूजेला मांडलेलं पातं त्या दिवशी उचलत नाहीत, आणि शेळ्यांना काही खंडेनवमी कळत नाही. मग मी सगळे जेवायला बसल्यावर हळूच कुंपणाशी गेले आणि जावेच्या भोपळ्याचा वेल नुसत्या हातानं ओढून शेळ्यांपुढं टाकला. पूजेचा मान राखला. जाऊ ओसरीवर आली तेव्हा शेवटची दोन पानं उरली होती.

मग जावेशी जे जुंपलं, ते सगळं भांडण मी परवा खुकरी धरून सांगून बघितलं. हात नाही थकला.