एकशे बासष्टावं पान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं माझ्या आयुष्याचं वाटोळं आहे. आणि ते कोणी केलं? दारूनं नाही, जुगारानं नाही. एका पुस्तकानं! तेही मी वाचलेल्या नव्हे, न वाचलेल्या.

तेव्हा मी दिग्रसला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कारकून होतो. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. रशियानं माणूस आकाशात फिरवून आणला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्या माणसाला खाली उतरवलं त्यांनी, पण मी जो वर गेलो तो गेलोच! चंद्र, मंगळ, अदृश्य होणारे वैद्य, समुद्राखालची शहरं, उडणारे गालिचे, असलं काही ज्यात नाही ते पुस्तक माझ्या लेखी पुस्तकच नव्हतं. आमच्या वाचनालयात अशा पुस्तकांची दीड फळी होती. ती मी पाठ केली होती.

नुसतं वाचून थांबलो असतो तरी निभावलं असतं हो. पण मला सुचवायची खोड! रस्त्यात माणूस दिसला की मी त्याला पुस्तक सांगणार. किराणा घ्यायला आलेल्या माणसाला मी गुरूच्या चंद्रावर नेऊन सोडलेलं आहे, आणि तो बिचारा तेल न घेताच घरी गेलेला आहे.

आमच्या जिनात रहीमभाई फिटर होते. मशीनची नुसती घरघर ऐकून कुठला पट्टा ढिला झाला ते सांगायचे. त्यांना मी एकदा आकाशयानाची कादंबरी दिली. चार दिवसांनी परत आणून म्हणाले, "बाबू, किताब अच्छी है. लेकिन सातसौ पन्ने में एक आदमी ने भी मशीन को तेल नहीं डाला. ये मशीन चलेगी कैसे?"

पण पुढचं मागायचेच. असे माझे वाचक!

आता दुसरा माणूस. खोब्रागडे गुरुजी. शाळेचे हेडमास्तर. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले नवस, मुहूर्त, पत्रिका, सगळं एका दिवसात बंद करून टाकलं. आमचंही घर त्याच वाटेनं गेलेलं. गुरुजींची मुलगी विमल मास्तरणीचं ट्रेनिंग करून आली होती, आणि माझ्या मामानं माझं नाव तिच्यासाठी त्यांच्या कानावर घातलं होतं. गुरुजी मुलाची पत्रिका बघत नसत. मुलगा काय वाचतो ते बघत! मामा मला म्हणाला, "तुहं काम झालंच समज. तू तर पुस्तकातच राह्यते."

झालंच होतं हो. जवळजवळ झालंच होतं.

एका रविवारी सकाळी मी वाचनालयात बसलो होतो. 'धूमकेतूवरचे प्रवासी' ही नवी कादंबरी आदल्याच दिवशी बसच्या पार्सलातून आली होती आणि मी तिच्यावर तुटून पडलो होतो. सात माणसं यानातून धूमकेतूवर उतरतात. यशवंत हा यानाचा कप्तान. त्याची वाग्दत्त वधू रोहिणी, तीही सोबत. मग धूमकेतू सूर्याच्या दिशेनं वळतो. सगळं तापायला लागतं. रोहिणी आणि बाकीचे यानाकडं धावत येत आहेत, यशवंत दारात उभा आहे, त्याचा हात यान सोडायच्या दांड्यावर आहे, त्यानं डोळे मिटले आणि...

एकशे बासष्टावं पान संपलं. आणि वाचनालयात गुरुजी शिरले.

मी ताडकन उभा राहिलो. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "काय वाचून राह्यले जी?"

आता सांगा, या प्रश्नाला साधं उत्तर नव्हतं का? "कादंबरी आहे, अजून वाचतोय," एवढं म्हणायला काय झालं होतं? पण नाही! माझ्यातला सुचवणारा उफाळून आला. "गुरुजी, हे वाचाच! यात नुसतं विज्ञान नाही, माणूस आहे माणूस! आणि शेवट? असा शेवट मी आजवर वाचला नाही!"

यात खोटं काहीच नव्हतं. वाचला नव्हताच.

गुरुजींनी हात पुढं केला. "आणा मग."

"आत्ता?"

"काहून? तुमचं तर झालं ना वाचून?"

"हो... झालंच की," असं मी म्हणालो. माझ्या तोंडानं म्हणालो. स्वतःच्या हातानं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं, आणि यशवंत तिकडं डोळे मिटून उभाच राहिला.

मला वाटलं, आठ दिवसांत परत येईल, गुपचूप संपवून टाकू. पण गुरुजींचं झाल्यावर ते विमलनं घेतलं. विमलचं झाल्यावर वाचनालयात आलं, तर रहीमभाई ते घेऊन गेले. का? तर मीच त्यांना हजारदा सांगून ठेवलं होतं! अख्ख्या गावात एकच प्रत, आणि माझी जाहिरात इतकी जोरदार की माझाच नंबर लागेना.

शेवटी जिनात जेवणाच्या सुट्टीत मी रहीमभाईंना गाठलं. सरळ विचारायची लाज. म्हणून आडून विचारलं, "काय रहीमभाई, शेवट कसा वाटला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "शेवट की बात मत करो बाबू. दो दिन से खाना नहीं जा रहा. आदमी ऐसा करता क्या?"

"कैसा?"

"जैसा उसने किया!"

"हां, पण म्हणजे नक्की..."

"अरे, तुमने तो पढ़ा है! तुमको क्या बताना?"

झालं! पण मी डोकं चालवलं. रहीमभाईंसारखा कणखर माणूस जेवेनासा झाला, म्हणजे यशवंत मेला! दुसरं काय? बाकीच्यांना यानात ढकललं, बाहेरून दांडा ओढला, यान सुटलं, आणि हा एकटा मागं जळून गेला. वा! काय त्याग! मला खरोखर डोळ्यांत पाणी आलं. मी न वाचलेल्या शेवटावर रडलो आहे, ऐकताय ना?

दोन दिवसांनी बाजारात गुरुजी भेटले. गंभीर होते. "पुस्तक वाचलं. त्यावर तुमच्याशी बोलाचं हाये. रविवारी घरी या चहाले. मायले घेऊन या."

मायला घेऊन या! म्हणजे समजलं ना? ही काही पुस्तकाची चर्चा नव्हती. ही बोलणी होती.

शनिवारी मी वाचनालयात धावलो. रहीमभाईंनी पुस्तक परत केलं होतं. मी म्हटलं, देव पावला! मग आठवलं, देव आपण सोडला आहे. आणि त्यानं पावायचंही सोडलं होतं, कारण ग्रंथपाल म्हणाले, "ते? आत्ताच एक जण घेऊन गेला, पुसदला. पाहुण्याकडं राह्यते म्हणे चार दिवस." मी धावत स्टँडवर गेलो. पुसदची बस गेलेली. धूळ तेवढी होती.

रविवार उजाडला. मी इस्त्रीचा सदरा घातला, मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. गुरुजींकडं सतरंजी अंथरलेली. विमलनं चहा आणला आणि दाराशी उभी राहिली. लाजून खाली बघणारी नव्हे, सरळ माझ्याकडं बघत. मला ते फार आवडलं. पुढं काय होणार ते ठाऊक असतं, तर मी त्या नजरेला एवढी छाती काढून दाखवली नसती.

गुरुजींनी बशीत चहा ओतला. "तर मग, यशवंत. त्यानं शेवटी दांडा ओढला, ते बरोबर केलं?"

दांडा ओढला! माझा अंदाज बरोबर! मला तर उकळ्या फुटल्या. "शंभर टक्के बरोबर जी!"

गुरुजींची बशी अर्ध्यातच थांबली. "बरोबर?"

"मर्दाचं काम केलं!"

"रोहिणी हाका मारून राह्यली होती."

"असूद्या जी! अशा वेळी माणूस बाईच्या हाका ऐकत बसला तर कामच होत नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. मागं वळूनही पाह्यलं नसतं!"

विमलच्या हातातला कप खणकन वाजला. मला वाटलं, भारावली.

आणि माझी माय! तिला पुस्तकातलं ओ की ठो माहीत नाही, पण पोराची तारीफ करायची संधी ती कशी सोडेल? "माहा सुधाकर असाच हाये गुरुजी. एकदा ठरवलं की कोणाचं ऐकत नाही."

गुरुजी मायकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. फार हळू आवाजात म्हणाले, "आणि त्या पोरीचं काय? तिचं पुढं काय झालं असल, याचा विचार तुमच्या मनात आला नाही?"

आता मी विचारी माणूस आहे हेही दाखवायला नको? मी म्हणालो, "आला ना जी. काही दिवस रडली असल. मग लग्न करून सुखात असल."

"धूमकेतूवर?" गुरुजी म्हणाले. "कोणासंग?"

काय सांगू! मी घाईनं चहाचा मोठा घोट घेतला.

"म्हणजे... गावात मिळतेच ना कोणी..."

"कोणत्या गावात?"

मी विमलकडं पाहिलं. ती म्हणाली, "तो तिले तिथंच सोडून आला. सगळ्यायले सोडून. दार लावलं, दांडा ओढला आणि एकटा परत आला. मंग गावात हार घालून घेतले. एकशे त्रेसष्टावं पान."

एकशे त्रेसष्ट! एक पान हो! गुरुजी एक मिनिट उशिरा आले असते, रस्त्यात कोणी नमस्कार केला असता, त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला असता, तरी माझं ते पान वाचून झालं असतं!

"म्हणजे," विमल पुढं म्हणाली, "तुम्ही मलेही तिथंच सोडून आले असते?"

आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. वाचलेलं नाही असं कबूल करायचं आणि खोटारडा ठरायचं, नाहीतर यशवंतची बाजू घ्यायची आणि भेकड ठरायचं. शहाणा माणूस यातली एक निवडेल. मी आधी ही निवडली, मग ती! म्हणालो, "त्याचा नाइलाज होता. यानात जागाच एकाची होती."

"सात जागा होत्या," गुरुजी म्हणाले. "चाळीसाव्या पानावर हाये. तेही पान नाही वाचलं?"

"ते वाचलं जी!" मी ओरडलोच. "चाळीसावं वाचलं! एकशे बासष्टपर्यंत सगळं वाचलं!"

आणि मग सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता घाम फुटला, सदरा अंगाला चिकटला. यशवंत मेला समजून मी रडलो, तेही सांगितलं. माझी माय डोक्यावर पदर ओढून भिंतीकडं बघत होती. विमलच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू होतं का? मला अजून कळलेलं नाही. तेवढं बघून घ्यायच्या आत ती वळून आत गेली.

गुरुजींनी बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुम्ही भेकड नाही हे समजलं, बरं वाटलं. पण न वाचलेलं तुम्ही मले छातीठोक सांगतलं. उद्या म्हणाल, संसार सांभाळीन. तोही असाच एकशे बासष्ट पानांपर्यंत?"

मी मायला घेऊन उठलो.

घरी दाराची कडी काढताना माय म्हणाली, "एवढे पुस्तकं वाचते, एक पान जास्त वाचलं असतं तर डोळे फुटले असते काय रे तुहे?"

दुसऱ्या दिवशी जिनात रहीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला, कपाळाला हात लावला. काळं तेल कपाळभर पसरलं. "अरे, मेरे को पूछ लेते ना बाबू! मैं तो समझा पढ़ा है, तो दुखी आदमी को और क्या दुखी करना!"

विमलचं लग्न चार महिन्यांनी ठरलं. मुलगा मारेगावकडचा, शेतकी खात्यात. गुरुजींनी त्याला विचारलं, काय वाचता? तो म्हणाला, काहीच नाही. गुरुजी खूष! खरं बोलला म्हणे.

मी लग्नाला गेलो. जावंच लागलं, गावातलं लग्न. साधंच होतं, वंदना झाली, हार झाले. आहेर म्हणून काय न्यावं? भांडं नेलं तर पुस्तकांवर रुसलो म्हणतील. मी नागपूरहून खास एक कादंबरी मागवली, आमच्या वाचनालयात नव्हती अशी. पाताळातल्या राज्याची, कोरी करकरीत. वर रंगीत कागद लावला.

विमलनं तिथंच कागद काढला. पुस्तक हातावर तोलून पाहिलं. म्हणाली, "चांगलं हाये काय?"

समोर नवरीच्या वेषात उभी असलेली विमल, शेजारी तिचा नवरा, मागं गुरुजी. आणि माझी जीभ! "अप्रतिम!" मी म्हणालो. "दोनदा वाचलं. शेवट तर विचारूच नका!"

त्या काळी नव्या पुस्तकाची पानं कधी कधी कडेला जोडलेलीच यायची, वाचणाऱ्यानं पट्टीनं कापत कापत पुढं जायचं. विमलनं पुस्तक उघडायला अंगठा घातला. उघडेना. दुसरीकडून घातला. तिकडूनही उघडेना.

तिनं ते पुस्तक तसंच गुरुजींच्या हातात दिलं.