जीपची मोठी चाकं

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. इंजिन असं दणदणीत, की गावाच्या वेशीवर तिचा आवाज आला की मी घरात भाताचं आधण ठेवायची. आमच्या ह्यांनी ती आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बैल आणाले गेला होता ना रे तू?" तेव्हापासून ती ह्यांनीच चालवली. पोरगा मोठा झाला, नोकरीला लागला, त्याने मोटरसायकल घेतली, पण जीपला हात लावायचा तर ह्यांना विचारूनच.

शेत आमचं गावापासून दूर. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीने जावं लागतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन तिथे चाकांच्या एवढ्या खोल नाल्या पडतात, की मधल्या उंचवट्यावर जीपचं पोट टेकतं आणि चाकं खाली नुसती फिरत राहतात. मागल्या साली जीप अशीच अडकली. माझ्या दिरांनी ट्रॅक्टर लावून ओढून काढली आणि वर म्हणाले, "दादा, बैल असता तं सोताच निंगला असता." हे हसले, पण त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले.

मग उन्हाळ्यात हे शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पडले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. हात तोंडापर्यंत जायला लागला, त्याच्या वर नाही. शर्टाची वरची गुंडी मीच लावून देत होते. धानाची रोवणी ह्यांच्याशिवाय झाली. पोरगा म्हणायचा, चला बाबूजी, मोटरसायकलवर मागे बसा, शेत दाखवून आणतो. हे म्हणायचे, "आपलंच वावर पाहाले मांगं बसून जाऊ? मी पाहुना आहो का?" एकच धरून बसले होते. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या की स्वतः जीप चालवत जाईन.

पोराला हे ठाऊक होतं. त्याला वाटलं, बाबूजी जातील आणि जीप पुन्हा अडकेल, लोक पुन्हा हसतील. म्हणून दसऱ्याच्या आधी त्याने जीपला मोठी चाकं लावायचं काढलं. रिमही नवे, टायरही नवे, उंच आणि रुंद. त्यासाठी तो जीप गोंदियाला नेत होता; मला तिथे कपडा घ्यायचा होता, म्हणून मीही जीपमध्ये बसून गेले.

टायरच्या दुकानात मी एका स्टुलावर बसून पाहत होते. जुनी चाकं काढून भिंतीला टेकवली, ती नव्यांपुढे बारकी वाटायला लागली. मिस्त्रीने आधी पुढचं एकच चाक चढवलं, खाली वाकला आणि आपल्या माणसाला स्टेअरिंग पूर्ण फिरवायला लावलं. टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्याला घासत होता. मग त्याने वळण अडवणारा एक बोल्ट थोडा बाहेर काढला, म्हणजे चाक घासेपर्यंत वळणारच नाही. म्हणाला, "अब पहिया पूरा नहीं मुड़ेगा. मोड़ पे आगे-पीछे लेना पड़ेगा. और स्टेरिंग भारी हो गया है. चलाएगा कौन?"

"बाबूजी," पोरगा म्हणाला. "नांगर धरलेले हात हायेत त्याईचे."

मी म्हटलं, "खांद्याचं सांग ना त्याले."

"चालत्या गाडीत काई समजत नाई, माय."

मिस्त्रीनेही मान हलवली. गाडी चालती असली की हलकं, जागेवर फिरवू नका, म्हणाला.

दसऱ्याला जीप धुतली. झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्यात रीत अशी, की मालकाने लिंबांवरून गाडी काढायची, मारोतीच्या देवळापर्यंत न्यायची आणि नारळ तिथे फोडायचा. अंगणात घरचे, शेजारचे सगळे जमले होते. हे डाव्या हाताने दांडी धरून चढले. जीप उंच झाली होती, पाय टाकायला वेळ लागला. लिंबं चिरडली, जीप सरळ फाटकापर्यंत गेली. फाटकातून निघालं की लगेच वळावं लागतं. तिथे ह्यांनी स्टेअरिंग ओढलं. हललं नाही. मागे घेतली, पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा मला इकडून दिसत होत्या. मग ह्यांनी इंजिन बंद केलं.

"इथंच फोडा नारळ," म्हणाले. "देवळात गर्दी असन."

दीर म्हणाले, "काऊन दादा, नवे जोडे भेटले तं लाजून रायली का गाडी?"

सगळे हसले. हेही हसले. पोराने जवळ येऊन विचारलं, "कशी वाटते, बाबूजी?" तर म्हणाले, "रुबाबदार झाली."

मी मनात ठरवलं होतं, पोराला सांगायचं, जुनी चाकं परत लाव म्हणून. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. "त्याले काई बोलू नको. माह्यासाठी आणले त्यानं," एवढंच म्हणाले.

दोन-चार दिवसांनी दुपारी मला म्हणाले, "चाल वं, धान पाहून येऊ." पोरगा झोपला होता. त्याला उठवू का विचारलं, तर नाही. मी डावीकडे बसले. फाटकातून कसं काढलं म्हणाल तर मागे-पुढे, मागे-पुढे करून. पाळीवर चढल्यावर मात्र जीप छान निघाली. त्या खोल नाल्यांवरून अशी गेली, की खाली कुठे टेकलं नाही, घासलं नाही. पोराचा हिशोब बरोबर होता. हे सांगितलंच पाहिजे.

पुढे नहराचं वळण आलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांधी, म्हणजे धानाचं खाचर. जीप हळू झाली आणि स्टेअरिंग जड झालं. ह्यांचा उजवा हात स्टेअरिंगवरून निसटत होता. काही न बोलता मी माझा हात पुढे केला आणि खालून स्टेअरिंग धरलं. एवढ्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. दोघांनी मिळून ओढलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वळण पार झालं.

धान सुरेख निसवलं होतं. हे उतरून धुऱ्यावर उभे राहिले, एक लोंबी हातात घेऊन दाबून पाहिली, दूध भरलं होतं. बराच वेळ उभे होते. मी जीपमध्येच बसून राहिले. माणसाला आपल्या वावरात एकटं उभं राहू द्यावं, असं मला वाटतं.

परत निघायला जीप जागेवरच वळवायची होती. ह्यांनी एकदा ओढलं. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे." मग उतरले, पुढून फिरून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "तू मांगं बस. पोराले फोन लाव."

पोरगा मोटरसायकल दामटत आला. बाबूजी डाव्या सीटवर बसलेले पाहून तो दुरूनच थांबला.

"काऊन, बिघडली का?"

"गाडी नाई बिघडली. चाकं मस्त हायेत, पोट कुठं टेकलं नाई. चालव."

पोरगा स्टेअरिंगजवळ उभाच राहिला. ह्यांच्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं त्याला तिथेच समजलं. म्हणाला, "जुने लावू का परत? पडून हायेत दुकानात."

"कायले? आता ह्याच चाकाईवर धान घरी आणाचं हाये. बस म्हणतो ना."

मोटरसायकल मोटरपंपाच्या खोलीत ठेवून पोरगा बसला. त्याने मागे-पुढे करून जीप वळवली. हे त्याला सांगत होते, इकडून घे, आता सोड, इथं माती भुसभुशीत हाये. नहराच्या वळणावर पोराने एका हाताने स्टेअरिंग फिरवलं. ह्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मग आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि गाव येईपर्यंत बाहेर धानाकडे पाहत राहिले.